कणगी वापरणाऱ्यांचं खान्देश मंडळ

संघमित्रा तायडे हिला आनंद झाला की एका जागी बसवत नाही. दहावीचा निकाल लागला तेव्हा ती मुक्ताईनगरला शाळेतून घरी न जाता मावशीकडे गेली, तिथून आत्याकडे, तिथून वडील ज्या शाळेत शिकवायचे त्या शाळेत. आणि आईला पोरगी पास झाल्याचं शेजारणीकडून कळलं. वडील जीवराम गुरुजी शांत माणूस. ते एवढंच म्हणाले, "हिला बसून करायचं काम मिळालं तर कसं व्हायचं?"

मिळालं नेमकं तेच. जळगावच्या एका महाविद्यालयात ती ग्रंथपाल झाली. आता ग्रंथालय म्हणजे शांततेची जागा, तिथे ग्रंथपालच नाचायला लागली तर पोरांनी काय करायचं? म्हणून तिने एक सोय करून घेतली. फार आनंद झाला की ती मागच्या खोलीत, जिथे मासिकांचे बांधीव खंड आहेत, तिथे जायची, कपाटांमधून दोन-चार फेऱ्या मारायची आणि गंभीर चेहऱ्याने परत येऊन खुर्चीत बसायची. सगळ्या कॉलेजला हे ठाऊक होतं. फक्त तिला वाटायचं, कोणालाच ठाऊक नाही.

कॉलेजच्या वार्षिकांकांचं प्रकरण घडलं नसतं तर तिचं आयुष्य या फेऱ्यांमध्येच गेलं असतं. झालं होतं असं की, बऱ्याच वर्षांपूर्वी कॉलेजने सगळे जुने वार्षिकांक स्कॅन करून सीडींवर घेतले, त्या सीडी लोखंडी कपाटात ठेवल्या आणि 'आता कॉम्प्युटरमध्ये आहे ना' म्हणून मूळ अंक रद्दीत दिले. पुढे एक माजी विद्यार्थिनी नातवाला घेऊन आली. तिची पहिली कविता त्यातल्या एका अंकात होती, ती तिला नातवाला दाखवायची होती. संघमित्राने सीडी लावली. सीडी खरखरली आणि गप्प झाली. दुसरी लावली, तीही तशीच. बाई समजूतदार होत्या. "राहू दे गं, तशी काही बरी नव्हती कविता," म्हणत त्या निघून गेल्या. पण संघमित्राला त्या रात्री जेवण गेलं नाही. कागदाला वाळवी लागते तशी कॉम्प्युटरमधल्या वस्तूलाही लागते, फक्त ती दिसत नाही, हे तिला त्या दिवशी कळलं.

मग ती पेटली. शोधता शोधता तिला एक सॉफ्टवेअर सापडलं. फिनलंडमधल्या ग्रंथालयांनी मिळून ते केलं होतं आणि कोणालाही फुकट वापरायला दिलं होतं. त्याचं काम साधं होतं. फाईल आत टाकली की ते तिचा जणू अंगठा घेऊन ठेवतं. मग अधूनमधून तो अंगठा जुळतो का ते पाहतं, आणि नाही जुळला तर लगेच सांगतं की फाईल बिघडली. जुन्या प्रकारची फाईल असेल तर पुढेही उघडेल अशा प्रकारात तिची प्रत करतं आणि प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवतं. त्याचं इंग्रजी नाव मात्र इतकं लांबलचक होतं की ते म्हणेपर्यंत फाईल बिघडावी. संघमित्राने त्याला कणगी म्हणायला सुरुवात केली. बाजरी भरून, लिंपून ठेवायची तीच कणगी. तिचा नवरा राजदीप वीज कंपनीत होता. तो घरी आल्यावर विचारायचा, "आज कणगी भरली की सांडली?"

बहुतेक वेळा सांडलेलीच असायची. ज्या सीडी चालत होत्या त्यांतल्या अंकांचे एकेक भाग तिने आत घातले, प्रत्येकाची नोंद केली, आणि कणगीने अर्धे गिळून अर्ध्यांबद्दल सांगितलं की, या नावाची फाईलच सापडत नाही. फाईल समोर दिसत होती. नाव तेच होतं. तरी सापडत नाही. संघमित्राने महिनाभर डोकं आपटलं आणि शेवटी कणगी वापरणाऱ्यांच्या जगभरच्या मंचावर प्रश्न टाकला.

उत्तर हेलेना नावाच्या बाईचं आलं. ही हेलेना फिनलंडमध्ये बसून जगभरच्या वापरकर्त्यांचा संसार सांभाळायची. तिने लिहिलं होतं: तुमची अडचण आम्हाला समजलेली नाही, पण अगदी हाच प्रश्न काही महिन्यांपूर्वी आणखी एका गृहस्थांनी विचारला होता. ते धुळे नावाच्या गावी राहतात. हे गाव तुमच्यापासून फार लांब आहे का?

संघमित्राने ते वाचलं, उठली आणि मागच्या खोलीत गेली. त्या दिवशी फेऱ्या चांगल्याच लांबल्या. धुळे. एसटीत बसलं की दुपारच्या जेवणाला पोचावं इतकं जवळ. आणि दोघांची गाठ पडली कुठे, तर फिनलंडमध्ये.

धुळ्याचे ते गृहस्थ म्हणजे अभिमन आबा. बँकेतून निवृत्त झालेले, आणि निवृत्त झाल्यापासून एकच वेड: अहिराणी बोलणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे आवाज रेकॉर्ड करायचे. कानबाई देवीची गाणी, लग्नातली गाणी, भांडणं, शिव्या, पाककृती, सगळं. त्यासाठी मित्रांची एक छोटी संस्थाही त्यांनी काढली होती. हेलेनाकडून नंबर घेऊन संघमित्राने फोन लावला आणि आपली अडचण सांगितली. पलीकडे आबांनी उठून आधी टीव्ही बंद केला.

"हॅलो? आबा, ऐकू येतंय ना?"

"ऐकी ऱ्हायनू ना ताई," आबा म्हणाले. "हाई दुखनं मन्हं बी शे. माले वाटे, बठ्ठी दुनियामा हाई येडं काम मी एकलाच करी ऱ्हायनू."

दोघं इतका वेळ बोलले की संघमित्राचा फोन तापला आणि आबांच्या घरचा चहा थंड झाला. फोन ठेवताना आबांनी विचारलं, "ताई, त्या साईटवर नकाशा पाह्यला का?"

नकाशा तिनेही पाहिला होता. कणगीच्या साईटवर प्रादेशिक वापरकर्ता गटांचा नकाशा होता. नॉर्डिक गट, आयर्लंडचा गट, ब्राझीलचा गट. प्रत्येक ठिकाणी एक हिरवा ठिपका. हे लोक आपापल्या भागात जमतात, एकमेकांच्या अडचणी सोडवतात आणि वर्षातून एकदा सगळे गट ऑनलाइन भेटतात. हिंदुस्थानात एकही ठिपका नव्हता.

तिने हेलेनाला विचारलं. हेलेना म्हणाली, सोपं आहे, किमान तीन संस्था हव्यात आणि प्रदेशाचं नाव हवं. संघमित्राने लिहिलं: खान्देश. दुसऱ्या दिवशी हेलेनाचं नम्र पत्र आलं की, हे नाव नकाशावर कुठे मिळत नाही, हे राज्य आहे की जिल्हा? संघमित्राने बराच विचार करून लिहिलं, "दोन्ही नाही. नकाशावर नाव नाही, पण प्रदेश आहे. इथे कोणालाही विचारा."

राजदीप म्हणाला, "ती इथे कोणाला विचारायला येणार आहे का?"

"आली तर सांगशील ना?"

"मी तर सांगेन."

आता तिसरी संस्था हवी होती. संघमित्राला नवल आठवला. नशिराबादचा नवल लग्नाचे व्हिडिओ काढायचा. कॉलेजच्या स्नेहसंमेलनाचं चित्रीकरणही त्याच्याकडेच असायचं. मागच्या वर्षी त्याची एक हार्ड डिस्क मेली आणि एका अख्ख्या हंगामाची लग्नं तिच्याबरोबर गेली. तेव्हापासून लोक त्याला रस्त्यात अडवून विचारायचे, "नवल, आमचं लगन सापडलं का?" संघमित्राने त्याला कणगी समजावून सांगितली. त्याने एकच शंका काढली.

"मॅडम, माझा स्टुडिओ म्हणजे संस्था धरतील का?"

"दारावर पाटी आहे ना?"

"आहे. लाइट लागते तिच्यात."

"मग संस्था."

पहिली बैठक कुठे घ्यायची यावर मात्र जळगाव आणि धुळे यांच्यात जे व्हायचं ते झालं. आबा म्हणाले धुळ्याला, कारण प्रश्न आधी धुळ्याने विचारला. संघमित्रा म्हणाली जळगावला, कारण धुळ्याचा प्रश्न सापडला जळगावमुळे. शेवटी नवल म्हणाला, "माझ्याकडे या. पितृपक्ष चालू आहे, लग्नं नाहीत, स्टुडिओ रिकामा आहे. इन्व्हर्टर आहे. आणि आई वरण-बट्टी करणार आहे." वरण-बट्टीपुढे दोन्ही जिल्ह्यांनी माघार घेतली.

बैठकीच्या दिवशी सुट्टी होती. राजदीपला कणगीशी काही देणंघेणं नव्हतं, पण बट्टीशी होतं, म्हणून तोही आला. आबा धुळ्याहून पांढराशुभ्र सदरा आणि टोपी घालून आले. येताना लॅपटॉप आणला, डिस्क आणली, घरच्या भुईमुगाच्या शेंगा आणल्या आणि चष्मा विसरले. स्टुडिओत बसायला दोनच गोष्टी होत्या: काही प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि नवरा-नवरीला बसवायचा लाल मखमलीचा सोनेरी सोफा. त्याच्या मागे बर्फाच्या डोंगरांचा पडदा.

आधी जेवण झालं. तुपात बुडवलेली बट्टी, तुरीचं वरण, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. इतकं जेवल्यावर कोणी सॉफ्टवेअर दुरुस्त करू शकेल असं राजदीपला वाटलं नाही आणि तो प्लास्टिकच्या खुर्चीत पेंगायला लागला. बाकी तिघांनी तिन्ही लॅपटॉप नवलच्या मोठ्या पडद्याला आळीपाळीने जोडले. प्रत्येकाच्या कणगीत, नवलने नुकत्याच भरलेल्या कणगीतही, काही फाईली हिरव्या होत्या, काही लाल. लाल म्हणजे न सापडलेल्या. सगळ्यात जास्त लाल फाईली आबांच्या होत्या. आबांना त्याचा थोडा अपमानही वाटला.

"ताई, वाची दाख. मन्हा चष्मा घर ऱ्हायी गया."

संघमित्रा मोठ्याने वाचायला लागली. आधी स्वतःच्या: "दुसऱ्या सत्राचा अहवाल. विद्यार्थ्यांच्या कविता, ही हिरवी. वाऱ्यावरची वरात, हे पोरांचं नाटक, हे लाल." मग नवलच्या: "वऱ्हाड एक. वऱ्हाड दोन. वऱ्हाड जेवण." मग आबांच्या: "शेतकऱ्यांची गाणी. कानबाई येई ऱ्हायनी. बोय भाकरी करी ऱ्हायनी. आबा झोपी ऱ्हायना..."

ती थांबली. पुन्हा पहिल्यापासून वाचलं, पण या वेळी हळू.

"आबा, या लाल सगळ्यांत तो र आहे."

"कोनता र?"

"तो आडवा. वऱ्हाडातला. चंद्रकोरीसारखा."

नवल उठून पडद्याजवळ गेला आणि बोटाने एकेक दाखवायला लागला. दुसऱ्या, हो. वाऱ्यावरची, हो. वऱ्हाड, हो. ऱ्हायनी, हो. हिरव्या फाईलींत एकही नाही.

आता तिघांनाही घाई झाली. संघमित्राने लॅपटॉपवर 'वऱ्हाड' टाईप केलं, नवलने मोबाइलवर 'वऱ्हाड' टाईप करून तिला पाठवलं. पडद्यावर दोन्ही शब्द शेजारी शेजारी ठेवले, जुळ्या भावांसारखे दिसत होते. पण एक शब्द देऊन दुसरा शोधायला सांगितला तर कॉम्प्युटर म्हणाला, असा शब्द नाही. तेव्हा उलगडा झाला. हा आडवा र टाईप करायच्या एकाहून जास्त तऱ्हा आहेत. मोबाइलचा कळफलक एका तऱ्हेने लिहितो, ऑफिसच्या कॉम्प्युटरचा दुसऱ्या. माणसाला दोन्ही सारखेच दिसतात, पण आतली अक्षरं निराळी. फाईलीला नाव दिलं होतं एका यंत्रावर आणि कणगीत नोंद केली होती दुसऱ्यावर. बिचारी कणगी खरंच सांगत होती की, तुम्ही म्हणता त्या नावाची फाईल माझ्याकडे नाही.

आबा टोपी काढून डोकं खाजवत बसले. मग म्हणाले, "म्हनजे तुम्हनी मराठीना दोन-चार शब्द अडकनात. आम्हनी अहिराणीमा तर जेवी ऱ्हायनू, जाई ऱ्हायनू, हासी ऱ्हायनू. आम्हना बठ्ठा चालू काळच अडकी जायेल शे."

यावर नवल असा हसला की लाइटच्या स्टँडला धक्का लागला आणि मोठी पांढरी छत्री राजदीपच्या अंगावर पडली. राजदीप जागा झाला आणि त्याने विचारलं, "झालं का दुरुस्त?"

संघमित्राने 'वऱ्हाड एक' या फाईलीचं नाव नोंदीतून उचलून फाईलीवर तसंच चिकटवलं. कणगीने क्षणभर विचार केला आणि लाल खूण हिरवी झाली. मग 'शेतकऱ्यांची गाणी' हिरवी झाली. मग आबांनी स्वतः कळ दाबली आणि कानबाई आली. स्पीकरमधून बायकांचा गाण्याचा आवाज सुरू झाला. गाणाऱ्यांत आबांच्या पत्नी झुंबरबाईही होत्या. गाता गाता मध्येच 'अवं, दूध उतू जाई ऱ्हायनं' असं ओरडून त्या गाणं सोडून गेल्या, तेही त्यात होतं. सगळं जसंच्या तसं टिकलेलं.

इथे मागची खोली नव्हती. संघमित्राला आवरलं नाही. तिने सोफ्याला एक फेरी मारली, मग दुसरी. तिच्यामागे नवल. आबा वयाने मोठे, पण तेही उठले. राजदीप छत्री हातात धरून पाहत होता. नवलची आई स्वयंपाकघरातून डोकावली, "काय रे, कोणाचं लगन ठरलं?" असं विचारून पुन्हा आत गेली.

या उत्साहात गटाचा फोटो काढायचं ठरलं. नवल म्हणाला, आधी दोन्ही जिल्ह्यांचा एक काढू, मग मी येतो. संघमित्रा आणि अभिमन आबा सोनेरी सोफ्यावर बसले. मागे बर्फाचे डोंगर. नवल लाइट धरून उभा राहिला, म्हणून आबांचा मोबाइल राजदीपच्या हातात दिला. नेमकी तेव्हाच नवलच्या आईने हाक मारली, नवल आत गेला आणि तो यायच्या आत आबांची एसटीची वेळ झाली. तो एकच फोटो. आबांनी तो घरी पोचून चष्मा लावल्या लावल्या हेलेनाला पाठवला, आणि वर आपल्या बँकेच्या इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या. त्यांचा अर्थ होत होता: आज जळगाव आणि धुळे यांचं शुभमिलन झालं, आमच्या आनंदात सहभागी व्हा.

हेलेनाने तो तसाच जगभरच्या मंचावर टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी संघमित्रा पोहे करत होती. राजदीप तिचा फोन घेऊन ओट्याशी आला.

"ब्राझीलहून आलंय. 'नवदांपत्याला शुभेच्छा.'"

"काय?"

"आयर्लंडचे म्हणतात, 'डिजिटल जतनामुळे जुळलेलं आमच्या माहितीतलं हे पहिलंच लग्न.' आणि कॅनडाहून एक जण विचारतोय, आहेर कुठल्या पत्त्यावर पाठवू?" राजदीप अगदी शांतपणे वाचत होता. "मी काय कळवू? फोटो मीच काढलाय हे सांगू का?"

संघमित्रा ओट्याला धरून हसत सुटली ती पोहे करपेपर्यंत. इकडे तिने आबांना फोन लावला, तर तो झुंबरबाईंनी उचलला. आबांनी फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवरही टाकला होता. सकाळपासून अर्धं धुळे विचारत होतं, पितरपाटामा लगीन कोनी लायं?

"अक्का, रागावू नका हो," संघमित्रा म्हणाली.

"राग कसाना?" झुंबरबाई म्हणाल्या. "माले पहिले सांगतात तर मी बी नटीथटीसन येती. सोफा चांगला दखाई ऱ्हायना."

हेलेनाला खरा प्रकार कळला तेव्हा तिने मंचावर खुलासा टाकला. त्या खुलाशावर शुभेच्छांहून जास्त लोकांनी लिहिलं. पण या गोंधळाचा एक फायदा झाला. एरवी ज्या पत्राकडे कोणी पाहिलं नसतं, ते संघमित्राचं आडव्या रबद्दलचं पत्र सगळ्यांनी वाचलं. तिने दोन्ही 'वऱ्हाड' शेजारी ठेवून चित्र पाठवलं होतं. आपल्याही भाषेत अशी अक्षरं आहेत, असं व्हिएतनामहून कोणी लिहिलं, मग कोरियाहून. कणगी बांधणारे कामाला लागले. हिवाळ्यात नवी आवृत्ती आली. आता कणगी नावं जुळवण्याआधी अक्षरांच्या या तऱ्हा एकसारख्या करून घेते. सुधारणांच्या यादीत खाली छोट्या अक्षरांत आभार मानलेत: खान्देश वापरकर्ता गट. आणि नकाशावर तापीच्या दक्षिणेला एक हिरवा ठिपका.

प्राचार्यांनी ते पान छापून सूचनाफलकावर लावलं. संघमित्रा त्यासमोरून जाताना दर वेळी दुसरीकडे पाहायची आणि दर वेळी थोडं पुढे जाऊन परत यायची.

वार्षिक ऑनलाइन भेट दुपारची होती. पुन्हा नवलचा स्टुडिओ. या वेळी झुंबरबाई हिरवी पैठणी नेसून आल्या आणि आल्या आल्या सोफ्याच्या मधोमध बसल्या. आबांना प्लास्टिकची खुर्ची मिळाली. पडद्यावर जगभरचे चेहरे दिसत होते. संघमित्राने इंग्रजीत बोलायची तयारी केली होती, पण पहिल्याच वाक्याला हेलेनाने तिला थांबवलं आणि म्हणाली, आधी आम्हाला ते अक्षर म्हणायला शिकवा.

मग सगळं जग वऱ्हाड म्हणायला लागलं. ब्राझीलचे लोक घशातून म्हणाले, आयर्लंडचे नाकातून. हेलेनाला ते बऱ्यापैकी जमलं. झुंबरबाई सोफ्यावरून एकेकाला दुरुस्त करत होत्या. "अं हं. वऱ्हाड. जीभ पलटाड ना भाऊ." ज्याला ही सूचना होती त्याला तिच्यातला एक शब्दही कळला नाही, पण त्याने जीभ पलटवली आणि त्याला जमलं. खान्देश गटाची ठरलेली वेळ कधीच संपली होती आणि संघमित्राच्या अहवालातलं पहिलं पानही उलटलं नव्हतं. कोणाची तक्रार नव्हती.

भेट संपता संपता तिचा फोन वाजला. नंबर अनोळखी होता. पलीकडे बुऱ्हाणपूरच्या एका जुन्या ग्रंथालयातल्या बाई होत्या. त्यांनी नकाशावरचा ठिपका पाहिला होता. थोडी हिंदी, थोडी मराठी करत त्या म्हणाल्या, त्यांच्याकडे जुन्या फोटोंची मोठी डिस्क आहे आणि त्यांनाही गटात यायचं आहे. पण एक अडचण होती.

"हम तो मध्य प्रदेश में पडतो. पण ताई, पुराने जमाने में खान्देश का सुभा आमच्या इथूनच चलता था. तर आमी तुमच्यात बसतो का?"

संघमित्राने फोन हाताने झाकला आणि आबांना विचारलं. आबांनी नवलकडे पाहिलं. नवलने आत आईला विचारलं, अजून दोन माणसांची बट्टी होईल का.

"होईल," आतून आवाज आला.

"बसता ताई," संघमित्रा फोनवर म्हणाली. "कधी येता?" आणि बोलता बोलताच ती उठली आणि स्टुडिओच्या दाराकडे चालायला लागली, कारण आता तिला बसवत नव्हतं.